खुलासा : चिंताविकार म्हणजे हृदयविकार नव्हे

‘चिंतेचा आजार असलेल्याला हृदयविकाराचा झटका येणारच’ हा इंदूरच्या मराठी मंडळींत फिरणारा मजकूर चुकीचा आहे. २०१० साली २० अभ्यासांतील सुमारे अडीच लाख लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात चिंताग्रस्तांना हृदयविकाराचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी अधिक आढळला; म्हणजे एरवी शंभरांत दहा जणांना होणार असेल, तर इथे साधारण साडेबारा जणांना, आणि चिंता हेच कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही. आमच्या शेजारच्या काकू तो मजकूर वाचून रात्रभर मनगट धरून नाडी मोजत बसल्या, याचे फार वाईट वाटते. मात्र छातीत दुखून घाम फुटल्यास ‘मनाचेच आहे’ म्हणून थांबू नये, ताबडतोब ईसीजी काढावा.