खिचडीत गावचा माल म्हणजे उधळपट्टी? जरा हिशोब करू

हा मेसेज मला आठ दिवसांत पाच ग्रुपवर आलाय, भावकीच्या ग्रुपवर तर दोनदा. "शाळेच्या खिचडीत गावचा शेतमाल घ्यायला सरकारनं वेगळा पैसा द्या ही मागणी म्हणजे शुद्ध उधळपट्टी. तांदूळ केंद्र फुकट देतं, बाकी माल ठेकेदार स्वस्तात पोचवतो, लेकरं ज्वारी खात नाहीत, मराठवाड्यात उन्हाळ्यात भाजीच नसते, अन् शेतकऱ्याला यातून मिळणार काय?" खाली हात जोडलेले. मी शाळा व्यवस्थापन समितीत होतो म्हणून लोक मलाच विचारायलेत की हे खरं का, तर एकदाच लिहून टाकतो.

तांदूळ फुकट आहे, बरोबर. लेकरामागं 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150. पण त्या तांदळाला कुणी हात लावा म्हणतच नाहीये, विषय वरच्या डाळ-भाजीचा आहे, त्यामुळे हा मुद्दा इथंच सोडतो.

आता "स्वस्त". मे 2025 ला पहिली ते पाचवीच्या लेकरामागं रोजचे 6 रुपये 78 पैसे ठरले, वरच्या वर्गांना 10 रुपये 17 पैसे, 60 टक्के केंद्र 40 टक्के राज्य, अन् डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला, जळण सगळं त्यातच बसवायचं. एक अंडं घेतलं की पैसे संपले. अंड्यावरनं आठवलं, राज्यानं नोव्हेंबर 2023 ला आठवड्याला एक अंडं नाहीतर केळी सुरू केली होती, अन् जानेवारी 2025 ला अंड्याचा निधी बंद करून लोकवर्गणीतून बघा म्हणाले. एवढ्यात उधळायला आहे काय, मला तरी दिसंना. शिवाय ही मागणी कुण्या एनजीओवाल्यानं आत्ता काढलेली नाही, 2021 ला या मध्यान्ह भोजन योजनेचं नाव पीएम पोषण केलं तेव्हाच केंद्रानं सांगितलंय की शेतकरी उत्पादक कंपन्या अन् बचत गटांकडून लोकल माल घ्या. ब्राझीलनं तर 2009 ला कायदाच केला की केंद्राच्या शाळेच्या जेवणाच्या पैशातला किमान 30 टक्के माल छोट्या शेतकरी कुटुंबांकडूनच घ्यायचा. आपल्याकडं नुसतंच "घ्या".

"लेकरं ज्वारी खात नाहीत" लिहिणाऱ्याला एकदा येळवसेला, म्हणजे शेतात जेवायच्या वेळा अमावस्येच्या सणाला, लातूरजवळ औश्याकडं घेऊन या. शेतात कडब्याच्या कोपीपुढं हीच लेकरं ज्वारीच्या पिठाच्या आंबिलीचे तांबेच्या तांबे रिकामे करतात, भज्जीसंगं बाजरीचे उंडे खातात अन् आजीनं नको म्हटलं तरी परत हात पुढं करतात. हां, शाळेत दीडशे लेकरांच्या भाकरी थापायला लावणं हा वेडेपणा आहे, स्वयंपाकीण ताईला महिन्याला 2500 मानधन अन् तिनं चुलीपुढं किती वेळ बसायचं? पण कण्या आहेत ना. ज्वारी भरडायची, एका पातेल्यात तांदळासारखी शिजवायची, वर ताक नाहीतर वरण. भाकरी जमत नाही म्हणून ज्वारीच नको हे कुठलं लॉजिक.

उन्हाळ्याचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मार्च-एप्रिलात आमच्याकडं विहिरी तळाला जातात, मेथी-पालक दिसत नाही. पण मे अन् अर्धा जून शाळा बंदच असते, राहिलेल्या दीड-दोन महिन्यांत मटकी-मुगाला मोड आणायचे, हरभऱ्याची उसळ करायची, एवढं घरोघरी चालतंच की. दुष्काळात सुट्टीतही जेवण द्यावं लागतं, तेव्हा भाजी बाहेरून आणा, कोण नको म्हणतंय.

शेतकऱ्याला काय मिळणार, याचा हिशोब मी वहीत केला. 100 लेकरं, प्रत्येकी 20 ग्रॅम डाळ, म्हणजे रोज 2 किलो. 200 दिवस धरले तर वर्षाला 4 क्विंटल, अन् तेवढी डाळ पडायला मिलमधे साधारण पावणेसहा क्विंटल तूर घालावी लागते, म्हणजे आमच्या कोरडवाहू रानात सव्वा-दीड एकरातली. यानं कुणी लखपती होत नाही. पण 2025-26 ला तुरीचा हमीभाव क्विंटलला 8000 जाहीर असताना अडतीवर त्याच्या खाली मागत होते, बाहेरची तूर आयात ड्युटी न लागता बंदरावर उतरत होती, तेव्हा गावातच ठरलेल्या भावानं घेणारं एक गिऱ्हाईक असणं म्हणजे काय हे ज्यानं माल परत घरी आणलाय त्याला विचारा. भाजीचं तर अजून सरळ आहे, 50 ग्रॅमनं रोज 5 किलो, दहा गुंठेवाल्या बाईला तेवढं पुरतं.

मग वेगळा पैसा कशाला? कारण बिलं. भाजीचे पैसे कधी दोन महिन्यांनी येतात, कधी चार. आमच्या वेळेला हेडमास्तर खिशातून घालायचे, नंतर उधारी सुरू झाली. भाजी देणारी मावशी शाळेच्या फाटकापाशी पाटी डोक्यावरून खाली न ठेवताच उभी राहिली होती एकदा. "सर, आधी मागचे द्या, मग उतरवते." आत डाळीला फोडणी पडलेली होती. त्या दिवशी भाजी नव्हती खिचडीत.