काचा वर घ्या!

आमच्या गाडीचा रंग पांढरा आहे. आरसी बुकात तसं लिहिलंय, म्हणून मी छातीठोकपणे सांगू शकतो. मार्च ते मे या दिवसांत नुसतं बघून ते कुणालाही सांगता येणार नाही.

मार्च लागला की मामांचा फोन येतो. "बोंडं पडायला लागली रे, या." मामांची काजूची बाग गोव्यात वाळपईच्या पुढे, पार डोंगराच्या पोटात. म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी, होंडा, वाळपई इथवर डांबर आहे. शेवटचे चार किलोमीटर नुसती तांबडी माती. पावसाळ्यात तिचा चिखल होतो, तो निदान चाकांना चिकटतो. उन्हाळ्यात पिठी होते, ती माणसांना चिकटते. २०१२ साली खाणी बंद पडण्याआधीचा डिचोलीचा रस्ता ज्यांनी पाहिलाय, खनिजाच्या ट्रकांमागे ज्यांनी रुमाल तोंडाला बांधून स्कूटर चालवलीय, त्यांना या धुळीचं वर्णन करून सांगायची गरज नाही. त्या काळी रस्त्याकडेचे आंबेसुद्धा विटकरी पानांचे असत.

तर डांबर संपलं की मागच्या सीटवरून आई ओरडते, "काचा वर घ्या!" काचा वर जातात आणि चर्चासत्र सुरू होतं. बायकोचं मत, एसी बंद करा, तोच बाहेरची धूळ ओढतो. मुलाचं मत, एसी चालू ठेवा, पण बाहेरची हवा बंद करा. मुलीचं मत, घरी जाऊया. मी मुलाचं ऐकायचो. डॅशबोर्डवर गाडीचं चित्र आणि तिच्या पोटात गोल वळलेला बाण असं एक बटण असतं. ते दाबलं की आतलीच हवा आत फिरत राहते. हे मला शास्त्रीय वाटायचं. आत काय काय फिरतंय याचा विचार मी केलेला नव्हता. मामांकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून आईनं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुके बांगडे घेतलेले असत. चार किलोमीटरमध्ये त्या बांगड्यांनी गाडीला किती प्रदक्षिणा घातल्या असतील, देव जाणे. शिवाय पाच माणसांचे उच्छ्वास. कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि डोळे जड होतात, हे मला नंतर कळलं. तोवर मी समजायचो की माझ्या गप्पांनी सगळ्यांना झोप येते.

एवढं सोसूनही धूळ यायचीच. काचा बंद, दारं बंद, आणि समोरून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीत तांबडा भुगा निवांत तरंगतोय! यंदा आम्ही मामांच्या अंगणात उतरलो ते शेंदूर फासलेल्या पाच मारुतींसारखे. मामी रुईचा हार घेऊन आल्या नाहीत, एवढंच.

मामांनी वाळपईहून ओळखीचा मेकॅनिक बोलावला. तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पात्रांव, तुम्ही बटण उलटं दाबता."

त्यानं सांगितलं ते असं. गाडी म्हणजे काही झाकण घट्ट बसवलेला डबा नव्हे. दारांच्या कडा, डिकी, तळाची पाणी जायची भोकं, सगळीकडे फटी. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, म्हणून चाकांनी उडवलेली धूळ तिथंच घुटमळते आणि डिकीच्या फटीतून आत शिरते. आतलीच हवा फिरवत राहिलात तर तिला अडवायला कुणी नाही. त्यापेक्षा बाहेरची हवा चालू ठेवायची, ब्लोअर मोठा करायचा. हवा फिल्टरमधून गाळून आत येते, गाडी फुग्यासारखी किंचित फुगते, आणि फटीतून हवा बाहेर जात राहते. मग धुळीची आत यायची टाप नाही. पुढे ट्रक असेल तर मिनिटभर ते गोल बाणाचं बटण दाबावं. पण खरं म्हणजे गाडी थांबवून त्याला जाऊ द्यावं.

म्हणजे धूळ बाहेर ठेवायची तर हवा आत घ्यायची. जिच्या मताला आजवर कुणी मोजलं नव्हतं ती आई "मी काचांचंच बोलत होते" म्हणाली.

"पण ब्लोअरला जोर नाही तुमच्या," असं म्हणत त्यानं डॅशबोर्डचा खण उघडून काढला. त्यामागे फिल्टर असतो. तो मागच्या वर्षी मीच बसवला होता, मजुरी वाचवून, आणि ते मी चारचौघांत सांगितलंही होतं. मेकॅनिकनं फिल्टर ओढून उन्हात धरला. तो चकाकला. मी तो प्लास्टिकच्या पिशवीसकट बसवला होता.

"बसवण्याआधी पिशवी काढा, असं कुठे लिहिलं नव्हतं," मी म्हणालो.

मुलानं पिशवीवर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याखाली हवेची दिशा दाखवणारा बाण होता, तोही उलटा लागला होता. बायको काहीच बोलली नाही. सतरा वर्षांच्या संसारात मला तिच्या बोलण्याची सवय झालीय, गप्प बसण्याची नाही. आई तेवढी कौतुकानं म्हणाली, "वर्षभरात धूळ नाही हो बसली त्याच्यावर!"

पिशवी काढून, बाण सुलटा करून फिल्टर बसवला. डिकीचं निघालेलं रबर मेकॅनिकनं ठोकून जागेवर आणलं. मी एकटाच गाडी घेऊन फाट्यापर्यंत जाऊन आलो. ब्लोअर तीनवर. आत कणभर धूळ नाही! सदरा पांढराच. आयुष्यात प्रथमच मला भौतिकशास्त्र कळलं होतं, आणि तेही घाम न गाळता.

निघताना मामांनी बोंडांची दोन पोती, एक फणस आणि हुर्राकचा, म्हणजे बोंडांच्या रसाच्या दारूचा, कॅन डिकीत चढवला. नको म्हणायची सोय नसते, आणि हुर्राकला मी नको म्हणणारही नव्हतो. डिकी मिटेना. मामांनी सुतळी आणली, हाता-दीड हाताची फट ठेवून दार करकचून बांधलं आणि वर दोनदा थापटून म्हणाले, "आता सुटायचं नाही बघ."

मी ब्लोअर तीनवर ठेवला. पहिल्याच वळणावर मागच्या फटीतून तांबडा ढग आत आला.

"काचा वर घ्या!" आई ओरडली.

काचा वरच होत्या. तरी मी बटण दाबलं.