वासाच्या जेलबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. आमच्याकडून ल्यूरला (नकली आमिषाला) लावायचं वासाचं जेल नेलं, विष्णुपुरीच्या बाजूला गोदावरीत मरळीसाठी फ्रॉग (बेडकासारखं तरंगणारं ल्यूर) टाकला, एकही मासा लागला नाही. म्हणून 'वासाचं जेल म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवायचा धंदा' असं तुम्ही लिहिलंय. रिकाम्या हाताने परतल्यावर राग येणारच. पण जेल बिनकामाचं आहे हे मला मान्य नाही.

मरळ शिकार करते ती डोळ्यांवर आणि पाण्यातल्या हालचालीवर. गवताच्या कडेला दबा धरून बसते, वर काही फडफडलं की तुटून पडते. तुमचा फ्रॉग पाण्यावरून सरकत होता. त्याचा वास पाण्यात उतरून तिच्यापर्यंत पोचेस्तोवर फ्रॉग पुढे गेलेला असतो. तिथं जेल लावलं काय, न लावलं काय, सारखंच. (पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा लालसर घोळका वर दिसला, तर कृपा करून तिथं फ्रॉग टाकू नका. राखणीला असलेली मरळ चिडून गळाला लागते आणि मागे पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.)

जेलचं खरं काम तळाला आहे. शिंगाडा, शिवडा हे मिशावाले मासे गढूळ पाण्यात आणि अंधारात वासावर, चवीवर फिरतात. त्यांच्या मिशांवरसुद्धा चव कळते. पुराचं काळ्या मातीचं पाणी आलं की डोळ्यांचा उपयोग कमीच. अशा वेळी सॉफ्ट प्लास्टिकला (मऊ रबरी ल्यूरला) जेल लावा, तळाला बसू द्या, थांबत थांबत ओढा. नुसतं रबर तोंडात आलं तर मासा लगेच थुंकतो. चव लागली तर जरा जास्त वेळ धरतो, आणि तेवढ्यात तुम्हाला झटका मारता येतो. माझ्या मते जेलचे पैसे द्यायचे ते या जास्तीच्या वेळेसाठी. लांबून मासे ओढून आणेल, या आशेवर घेऊ नका. रोहूसाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळणारे आपले लोक वासावरच तर मासा धरतात, पण तो गोळा एका जागी पडून हळूहळू विरघळतो.

जेल निवडतानाही फरक पडतो. माशाच्या नाकपुड्या श्वासासाठी नसतात, फक्त वासासाठी असतात, आणि त्यांत पाणी खेळतं. त्यामुळे पाण्यात विरघळणारा वास, मुख्यतः अमिनो आम्लांचा, माशाला लवकर कळतो. तेल पाण्यात नीट मिसळत नाही. तुम्ही नेलेलं जेल पाण्यात विरघळणारं आहे.

आणि हात धुवा. १९५० च्या दशकात कॅनडात असं दिसलं, की वरच्या बाजूला कुणी पाण्यात हात बुडवला तर प्रवाहाविरुद्ध चढणारे सामन मासे थबकायचे. कातडीतलं सेरीन नावाचं अमिनो आम्ल त्याला कारण होतं. आपल्याकडे तर गाडीत पेट्रोल भरून, तंबाखू मळून तसेच ल्यूर बांधतात.

उरलेली बाटली फेकू नका, झाकण घट्ट लावून ठेवा. दुकानात घेऊन या, तळाला टाकायचं सॉफ्ट प्लास्टिक आणि जिग (वजन लावलेला गळ) आमच्याकडून, पैसे घेणार नाही. बांधायचं कसं तेही दाखवतो. त्यानंतरही शिंगाड्याला काही फरक पडला नाही, तर हाच रिव्ह्यू तसाच राहू द्या.