मिठाच्या ढिगात ठेवून बुडालेला माणूस जिवंत होत नाही

‘नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने जपून ठेवावा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश फोनवरून फिरत असतो आणि पुराचे दिवस जवळ आले की त्याला पुन्हा जोर चढतो. त्यातले दावे थोडक्यात असे आहेत. बुडालेली व्यक्ती तीन-चार तासांच्या आत सापडली तर तिला मिठाच्या ढिगात ठेवून जिवंत करता येते. मीठ मिळाले नाही तर तिला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढावे. बुडणारा माणूस हाका मारतोच, म्हणून काठावर कान उघडे ठेवले की पुरे. मुलांना धोका नदीचा असतो, घरातल्या पाण्याचा नसतो. वाहते पाणी गुडघ्याखाली असेल तर ते पायी किंवा गाडीने ओलांडायला हरकत नाही. आणि शेवटी, मोठा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, तेव्हा तो नुकताच येऊन गेलेल्या गावाने निर्धास्त राहावे.

नदीला लागून घर असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने हा संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, ‘ताई, मीठ किती आणून ठेवू?’ तिचे मूल नुकतेच चालू लागले आहे. तिने हा प्रश्न अगदी मनापासून विचारला होता आणि म्हणूनच हे सविस्तर लिहिणे मला भाग पडले. संदेशातील प्रत्येक दावा खोटा किंवा अर्धवट आहे, पण सर्वांत घातक दावा मिठाचा आहे, म्हणून सर्वाधिक जागा त्यालाच देते.

संदेशाचे म्हणणे असे की, बुडालेल्या व्यक्तीचे कपडे काढून तिला मिठाच्या जाड थरावर झोपवावे, अंगावरही मीठ पसरावे, मीठ शरीरात शिरलेले पाणी हळूहळू शोषून घेईल आणि व्यक्ती शुद्धीवर येऊ लागली की मग तिला डॉक्टरांकडे न्यावे. पुरावा म्हणून एक प्रयोग दिला आहे: माशी पाण्यात बुडवा, ती निपचित पडली की बाहेर काढून तिच्यावर मीठ टाका, थोड्या वेळाने ती उडून जाते. हा प्रयोग बहुतेक वेळा खरोखरच यशस्वी होतो आणि म्हणूनच माणसे फसतात. पण माशीला फुप्फुसे नसतात. तिच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना बारीक श्वासरंध्रे असतात आणि त्यांतून आत गेलेल्या नळ्यांचे जाळे हवा थेट पेशींपर्यंत पोहोचवते. पाण्यात ही रंध्रे बंद पडतात, प्राणवायू मिळेनासा होतो आणि माशी निश्चेष्ट होते, परंतु मरत नाही, कारण कीटकांचे शरीर अशी अवस्था बराच वेळ सहन करू शकते. अंगावरचे पाणी टिपले गेले की रंध्रे मोकळी होतात आणि ती हालचाल करू लागते. मिठाऐवजी कोरडी राख वापरली किंवा तिला टिपकागदावर ठेवले तरी हेच घडते. त्यात मिठाचा कोणताही विशेष गुण नाही, आणि जी माशी मेलेलीच नव्हती ती ‘जिवंत’ झाली असे म्हणण्यालाही अर्थ नाही.

माणसाची रचना मुळातच वेगळी आहे. आपल्या त्वचेचा बाहेरचा थर पाणी आरपार जाऊ देत नाही. तसे नसते तर तासभर पोहणारा माणूस पाणी शोषून फुगून बाहेर आला असता. त्वचेवर ठेवलेले मीठ फार तर पृष्ठभागावरचा ओलावा ओढून घेईल. छातीच्या पिंजऱ्याच्या आत, स्नायू आणि बरगड्यांच्या पलीकडे असलेल्या फुप्फुसांतील पाणी त्याला ओढता येणे शक्यच नाही. प्रौढ माणसाच्या वजनात साधारण 60 टक्के पाणीच असते. मिठाला त्यातले नदीचे पाणी कोणते आणि शरीराचे कोणते हे ओळखता आले असते, असे मानायला कोणताही आधार नाही.

याहून मूलभूत चूक अशी की, बुडालेला माणूस ‘शरीरात पाणी भरल्यामुळे’ मरतो, असे हा संदेश गृहीत धरतो. माणूस मरतो तो प्राणवायू न मिळाल्याने. फुप्फुसांत शिरणारे पाणी बहुधा आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच कमी असते आणि गोडे पाणी तर वायुकोशांतून लवकरच रक्तात शोषले जाते. पण जाता जाता ते वायुकोशांना उघडे ठेवणारा आतला पातळ थर बिघडवते, कोश मिटतात आणि रक्ताला प्राणवायू मिळणे थांबते. त्यानंतर चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. अशा वेळी गरज असते ती हवा आत ढकलण्याची. मिठाची पोती शोधण्यात, आणण्यात आणि पसरण्यात ज्या घटका जातात, नेमक्या त्याच घटकांत त्या माणसाला वाचवणे शक्य असते. शिवाय छातीवर मिठाचा भार रचला की छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा मार्गही बंद होतो. ‘शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांकडे न्यावे’ हे वाक्य तर मला सर्वांत भयंकर वाटते, कारण ते रुग्णालयात जाण्याची वेळ अशा क्षणापर्यंत ढकलते, जो क्षण येणारच नसतो. आणि ज्या आईवडिलांनी मुलाला काही तास मिठात ठेवून वाट पाहिली, त्यांच्या मनाचे पुढे काय होत असेल, याचा विचार हा मजकूर रचणाऱ्याने केलेला दिसत नाही.

पोट दाबण्याचा किंवा उलटे धरण्याचा सल्ला बहुतेकांना ओळखीचा वाटतो, कारण तो अनेक पिढ्या चालत आला आहे. त्यात पाणी बाहेर पडताना डोळ्यांना दिसते हेही खरे. पण ते पाणी जठरातले असते, फुप्फुसांतले नव्हे. घशात अडकलेला घास काढण्यासाठी प्रसिद्ध झालेली पोट दाबण्याची पद्धत बुडालेल्यांसाठीही वापरावी, असा आग्रह तिचे जनक डॉ. हेन्री हाइमलिक यांनी वर्षानुवर्षे धरला होता. त्यामुळे अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने या प्रश्नाचा स्वतंत्र आढावा घेतला आणि 1994 च्या अहवालात असा निष्कर्ष काढला की, बुडालेल्यांवर ही पद्धत सरसकट वापरण्यास पुरेसा पुरावा नाही, उलट तिच्यामुळे श्वास देण्यास उशीर होतो आणि उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. स्वतः त्या पद्धतीचा जनक आग्रही असतानाही तज्ज्ञांनी जो उपाय नाकारला, तो निनावी संदेशाच्या भरवशावर कोणी करू नये.

मग करायचे काय, हे त्या संदेशात एका ओळीनेही सांगितलेले नाही, म्हणून सांगते. बाहेर काढलेल्या व्यक्तीला कठीण, सपाट जागी उताणे झोपवावे, मदतीसाठी कोणाला तरी फोन करायला लावावा आणि श्वास चालू आहे का हे दहा सेकंदांच्या आत पाहावे. नीट श्वास चालू नसेल तर डोके किंचित मागे करून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी श्वास द्यावेत. बुडालेल्यांच्या बाबतीत हे पहिले श्वास फार मोलाचे असतात. नंतर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 या गतीने, प्रौढांमध्ये 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि दर 30 दाबांनंतर 2 श्वास हा क्रम मदत येईपर्यंत थांबवू नये. लहान मुलाच्या छातीवर तिच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश खोल दाब द्यावा. तोंडातून फेस येत राहतो. तो पुसत बसून वेळ घालवू नये. ज्याला तोंडाने श्वास देणे जमत नाही, त्याने निदान छातीवरचे दाब तरी द्यावेत. व्यक्ती शुद्धीवर आली, बोलू लागली, तरीही तिला रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांना झालेली इजा काही तासांनी डोके वर काढू शकते. हे सगळे वाचून हाताला वळण लागत नाही. प्राथमिक उपचारांच्या वर्गात पुतळ्यावर अर्धा दिवस सराव केला की ते येते आणि नदीकाठच्या प्रत्येक घरातील एकाने तरी ते शिकावे, असा माझा आग्रह आहे.

संदेशातील एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते: बराच वेळ पाण्याखाली राहिलेली माणसे वाचल्याच्या नोंदी खरोखरच आहेत. 1986 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात अडीच वर्षांची एक मुलगी अतिशय थंड पाण्याच्या ओढ्यात सुमारे 66 मिनिटे बुडालेली होती आणि तरीही ती वाचली. डॉक्टरांनी तिची हकिकत 1988 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पण ती वाचली ती अतिथंड पाण्यामुळे. शरीराचे तापमान 19 अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याने मेंदूची प्राणवायूची गरज अतिशय कमी झाली होती आणि रुग्णालयात तिचे रक्त यंत्राद्वारे शरीराबाहेर नेऊन गरम करून परत आत सोडण्यात आले. अशी उदाहरणे दुर्मीळ आहेत, त्यांतील बरीचशी लहान मुलांची आहेत आणि उबदार पाण्यात ती लागू पडत नाहीत. त्यांतून निघणारा एकच व्यवहार्य निष्कर्ष असा की, थंड पाण्यातून काढलेल्या माणसाला आपणच मृत ठरवू नये, दाब आणि श्वास चालू ठेवून त्याला रुग्णालयात पोहोचवावे.

‘बुडणारा हाका मारतो’ हा दावा अर्धवट खरा आहे. दमलेला पण अजून तरंगत असलेला पोहणारा ओरडू शकतो. मात्र प्रत्यक्ष बुडू लागलेला माणूस बहुतेक वेळा गप्प असतो. न्यूयॉर्कमधील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांच्या हालचालींचे चित्रीकरण करून हे दाखवून दिले. शरीर पाण्यात उभे राहते, पाय जवळजवळ हलत नाहीत, दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात आणि तोंड क्षणभर वर येऊन पुन्हा खाली जाते. तेवढ्या क्षणात श्वास घेणेच कसेबसे जमते, हाक मारायला सवड नसते. ही धडपड 20 ते 60 सेकंद टिकते. म्हणून काठावर नजर ठेवायला हवी. वाचवायला मात्र थेट उडी घेऊ नये, कारण पाण्याला ओढ असेल तर वाचवणाराही जातो. काठावर आडवे होऊन लांब काठी पुढे करावी किंवा दोर बांधलेला झाकणबंद रिकामा डबा फेकावा.

घरातल्या पाण्याची भीती नाही, हे विधान माझ्या बहिणीच्या घरापुरते मला मिठाच्या खालोखाल धोकादायक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. या वयात मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. अर्ध्या भरलेल्या बादलीत वाकून पाहताना तोल गेला की डोके खाली आणि पाय वर होतात, हातांत स्वतःला वर ढकलण्याची ताकद नसते आणि जड बादली कलंडतही नाही. नाकतोंड झाकले जाईल एवढे चार बोटे पाणीही पुरते आणि आवाज जवळजवळ होत नाही. उपाय साधे आहेत: वापर झाल्यावर बादली पालथी घालावी, टाकी आणि पिंप यांना मुलाला उचलता येणार नाही असे झाकण असावे, न्हाणीघराची कडी उंचावर असावी आणि नदीकडे उघडणाऱ्या दाराला आडवे फाटक असावे. आंघोळ घालताना फोन वाजला तर मुलाला उचलून सोबत न्यावे किंवा फोन वाजू द्यावा.

गुडघ्याखालच्या वाहत्या पाण्याविषयी फारसे लिहिण्याची गरज नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या इशाऱ्यानुसार वेगाने वाहणारे 15 सेंटिमीटर पाणी प्रौढ माणसाचे पाय उचलू शकते, 30 सेंटिमीटर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि 60 सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या जातात, कारण चाके तरंगू लागली की पकड सुटते. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, हेही वरून कळत नाही.

उरला शंभर वर्षांचा पूर. हा आकडा वेळापत्रक नाही. तेवढा मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षी तो आला असला तरी यंदाची शक्यता 1 टक्काच राहते आणि नदीकाठच्या घरात 30 वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला तो निदान एकदा गाठण्याची शक्यता 26 टक्क्यांच्या आसपास जाते. शिवाय हा आकडा जुन्या नोंदींवरून काढलेला असतो; नोंदी थोड्या वर्षांच्या असतील, वरच्या अंगाला जंगल तुटले असेल, पात्रात भराव टाकून बांधकामे झाली असतील किंवा पाऊस पडण्याची रीत बदलली असेल, तर ज्याला काल शंभर वर्षांचा पूर म्हटले तो आज त्याहून पुष्कळ कमी अंतराने येऊ शकतो.