खुलासा: 'हवा टिकते म्हणजे टाकी चांगली' हे खरं नाही

तारकर्ली-मालवणकडे डायव्हिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: जुन्या सिलिंडरमध्ये (पाठीवरच्या हवेच्या टाकीत) हवा टिकली आणि रेग्युलेटरमधून (टाकीतल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडाशी देणाऱ्या उपकरणातून) श्वास घेता आला, की सेकंडहँड सामान बिनधास्त वापरा. कृपया हे मानू नका.

भरलेल्या टाकीत साधारण 200 बार दाब असतो. गळती नसली तरी धातूत चीर वाढत असू शकते. 6351 या मिश्रधातूच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियम टाक्यांच्या गळ्याशी अशाच चिरा जातात आणि काही टाक्या भरतानाच फुटल्या आहेत. म्हणजे धोका आधी हवा भरणाऱ्या माणसाला. म्हणून टाकीच्या खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासण्याची) तारीख आधी वाचा. पाच वर्षं उलटली असतील, तर पेसोची (गॅस सिलिंडरच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता असलेल्या केंद्रातून तपासून घेतल्याशिवाय ती भरू नका. आतून गंज पाहणं वेगळं, ते दरवर्षी.

रेग्युलेटरचंही तसंच. किनाऱ्यावर दोन श्वास घेऊन काही कळत नाही. फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरचा टाकीला जोडायचा भाग) तोंडाशी बारीक जाळीचा फिल्टर असतो. तो हिरवट दिसला, तर आत खारं पाणी गेलंय असं समजा. होजवरचं (हवेच्या नळीवरचं) रबरी आवरण मागे सरकवा, भेगा बहुतेक तिथेच लपतात. ओ-रिंग (सांध्यातून हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) तर कपाटात पडूनही कडक होतात, त्यामुळे 'फक्त दोनदाच वापरलंय' याला काही अर्थ नाही. सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा.