लाभार्थी संख्या : १

मार्च संपला की दरवर्षी माझ्याकडे एक काम येतं. आमच्या ओळखीतली एक छोटी संस्था पुण्यात रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी काम करते, तिचा वार्षिक अहवाल टाइप करून द्यायचा. साचा ठरलेला आहे. उपक्रम, तारीख, लाभार्थी संख्या, शेवटी फोटो. डिसेंबरातल्या ब्लँकेटवाटपाचा आकडा चांगला घसघशीत असतो, फोटोही झकास येतात. यंदा मात्र एका ओळीपाशी हात थांबला.

'आधार कार्ड मिळवून देणे. लाभार्थी : १.'

हे १ म्हणजे मंडईजवळ एका दुकानाच्या पायरीवर झोपणारे काका. उभी हयात हमालीत गेली. त्यांच्यासोबत आधार केंद्रावर तीनदा मी स्वतः गेलेय, म्हणून सांगते. मशीनवर बोटं ठेवली की तिथला मुलगा म्हणायचा, 'पुसून ठेवा काका.' काका शर्टाला पुसायचे, परत ठेवायचे, मशीन परत नाही म्हणायचं. पोती उचलून उचलून बोटांच्या रेघाच गेल्यात. मग डोळ्यांवरून जुळवलं, तेव्हा कळलं की कार्ड पूर्वीच निघालेलं आहे. ते कधीच हरवलं, नंबर पाठ नाही, आणि त्यावर नोंदवलेला मोबाइल कुठल्याशा मुकादमाचा. त्यात पत्ता बदलायचा तर दाखला हवा. नगरसेवकाचा चालतो म्हणाले. पण २०२२ च्या मार्चपासून पुढची कित्येक वर्षं पालिकेत प्रशासक होते, नगरसेवक आणायचा कुठून? असे सगळे मिळून अकरा हेलपाटे झाले. अहवालात त्याचं झालं १.

आणि हे सगळं कशासाठी, तर श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार मिळावेत म्हणून. वय ६५ च्या वर हवं, ते आहे. उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं, ते तर आहेच आहे. आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा हवा. इथे घोडं अडलंय. चाळीसेक वर्षं ज्यांनी या शहराची भाजी वाहिली, त्यांच्या नावावर ना वीजबिल, ना भाडेपावती. पायरीची भाडेपावती कोण देतं?

आता ब्लँकेटांकडे येते. आमचे एक देणगीदार आहेत, माणूस खरंच सज्जन. ते दरवर्षी न चुकता म्हणतात, 'अहो, ते लोक विकतात हो ब्लँकेटं! जुन्या बाजारात मी स्वतः बघितलीत.' पूर्वी मी वाद घालायचे. आता म्हणते, हो, विकतात. डिसेंबरात एका शनिवारी रात्री काकांच्या अंगावर एकामागून एक तीन गटांनी तीन ब्लँकेटं घातली. सकाळी दुकान उघडायच्या आत पायरी मोकळी करावी लागते. मग ती तीन ब्लँकेटं घेऊन दिवसभर हिंडायचं कुठे? झाडाच्या बेचक्यात ठेवली तर अतिक्रमणवाले नाहीतर कचरागाडीवाले उचलतात. रविवारी जुना बाजार भरतोच. दोन विकली, त्या पैशात गुडघ्याच्या गोळ्या आणल्या. मला विचाराल तर व्यवहार चोख झाला.

जेवणाचंही तेच. कुणाच्या वाढदिवसाचा, कुणाच्या वर्षश्राद्धाचा पुलाव एकाच संध्याकाळी तीनदा येतो आणि मंगळवारी कुणी फिरकत नाही. हातात चार पैसे असले की काका हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेच्या 'कष्टाची भाकर' केंद्रावर जाऊन, पैसे मोजून झुणका-भाकर खातात. 'तिथं कोण फोटो काढत न्हाई ताई,' म्हणाले. अहवालाच्या शेवटच्या पानावर टाकायला काढलेला त्यांचाच फोटो तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये होता. तो यंदा टाकला नाही.

मी वाटपाच्या विरोधात नाही. दरवर्षी मीही जाते. जानेवारीतल्या पहाटे स्टेशनबाहेर नुसतं उभं राहून बघा, थंडी खोटी नसते. पण डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीला केसनंद फाट्याजवळ फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. अमरावतीकडून कामाला आलेली माणसं. तिघं गेली, त्यात दोन चिमुकली मुलं. त्यांच्या अंगावर पांघरूण होतं की नव्हतं, याने त्या रात्री काय फरक पडणार होता?

फरक छपराने पडला असता. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलंय. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. म्हणजे त्याच हिशेबाने ३१ निवारे. तुमच्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावर एक तरी दिसलाय का, आठवून बघा. आणि निवारा असला तरी नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, हातगाडी बाहेर, मजूर अड्डा तिथून दोन बस लांब, असं असेल तर माणूस परत फूटपाथवरच येतो. त्याला आपण म्हणणार, 'यांना सवयच लागलीय.'

तर यंदा मी न विचारता अहवालात एक रकाना वाढवला : 'हेलपाटे'. ब्लँकेटवाटपापुढे १, काकांपुढे ११, एका बाईंना ससूनच्या मानसोपचार विभागात नेत राहिलो त्यांच्यापुढे २६. खजिनदार काका (हे वेगळे, सदाशिव पेठेतले) चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, 'हे देणगीदारांना कसं सांगायचं?' मी म्हटलं, आहे तसं सांगू. बरंच हूं-हूं झालं, पण खोडला नाही. अहवाल छापायला गेलाय.

आधार कार्ड हातात आलं त्या दिवशी काकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि लगेच कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे ठेवायला दिलं. कपड्यांचं गाठोडंही त्याच्याच टपरीत असतं. 'माझ्यापाशी कुठं ऱ्हायचं ते,' म्हणाले. तो चहावाला अशी पाच-सहा जणांची कागदपत्रं बिस्किटांच्या बरणीमागे सांभाळतो. त्याचं नाव आमच्या कुठल्याच अहवालात नाही.

म्हणून ही पोस्ट. मंडई, शनिपार, शुक्रवार पेठ या भागात कुणाचा बंद पडलेला गाळा असेल, वाड्यात जिन्याखालची खोली असेल, तर कळवा. कुलपाची लोखंडी कपाटं ठेवायची आहेत, माणशी एक कप्पा. भाडं थोडंफार देऊ. जुनी कपाटं असतील तर तीही चालतील, नेऊ आम्ही. ब्लँकेटं सध्या नकोत, गोदामात आहेत अजून.