शिष्यवृत्ती प्रवेशाच्या आधी का नाही?

आज संध्याकाळी बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होता. शाल, गुलाबाचं फूल, ट्रॉफी, फोटो. एक पाहुणे म्हणाले, पैशाअभावी कुठल्याही हुशार मुलाचं शिक्षण थांबणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठले नाहीत. घरी आले तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय.

आमच्या गल्लीत एक पोरगी आहे. वडील भाजीचा टेम्पो चालवतात. बारावी सायन्सला 88 टक्के, आणि मुंबईत सरकारी विद्यापीठात बीएस्सीला नंबर लागला होता. फी फारशी नव्हतीच. अडलं ते राहण्या-खाण्यावर. होस्टेलचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, आणि यादी लागल्यावर प्रवेश घ्यायला मुदत दोन-चार दिवसांची. वडील मला म्हणाले, "ताई, हप्ता थकवून आत्ताचं भागवीन, पण पुढच्या महिन्याला काय करू?" पोरीने तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं.

तिला शिष्यवृत्ती मिळाली, नाही असं नाही. केंद्र सरकारची, बारावीच्या गुणांवर मिळते ती, पदवीला वर्षाला 12,000. पण आधी प्रवेश, मग पोर्टलवर अर्ज, मग कॉलेजची पडताळणी, मग वरची पडताळणी. खात्यात पैसे आले तेव्हा पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. वरातीमागून घोडं!

ही शिष्यवृत्ती बोर्डात आपापल्या शाखेत वरच्या 20 टक्क्यांत आलेल्यांसाठी असते. मला एवढंच कळत नाही की त्या 20 टक्क्यांत कोण आलं हे निकालाच्या दिवशीच बोर्डाला कळतं ना? मग मार्कशीटसोबतच पत्र द्या की, 'तू पात्र आहेस, उत्पन्नाचा दाखला आण, पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळी मिळेल.' ज्या पोरीने मार्क मिळवून दाखवले, तिनेच पुन्हा दारोदार फिरून आपण हुशार असल्याचं सिद्ध का करायचं? दरवर्षी देशात जास्तीत जास्त 82,000 मुलांना नव्याने ही शिष्यवृत्ती मिळते, निम्म्या जागा मुलींसाठी आहेत. त्यातल्या किती जणींनी कॉलेज निवडताना हे पैसे हिशेबात धरले असतील? धरणार कसे, मिळतील की नाही हेच माहीत नसतं!

थेट खात्यात पैसे येतात हे चांगलं झालं, मधले हात थांबले, मान्य. पण त्यातही आमची पोरगी अडकली होतीच. तिची दोन खाती. घरच्यांना वाटलं आधार दोन्हीकडे दिलंय, म्हणजे झालं. मी बँकेत नोकरी केलेली, म्हणून मला ठाऊक की केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, आधार देणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून, आधार खात्याला जोडणं, म्हणजे सीडिंग, वेगळं. जे खातं शेवटी सीड झालं, पैसे तिथेच जाणार. हे अठरा वर्षांच्या मुलीला कोण सांगतं?

2024 पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना ठराविक प्रवर्ग आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली, फार चांगला निर्णय. पण आमच्या पोरीसारखी, साध्या बीएस्सीला संख्याशास्त्र शिकायचं म्हणणारी मुलगी त्यात कुठेच बसत नाही.

परवा भेटली मला. म्हणाली, "काकू, इथले सर पण चांगले शिकवतात." खरंच शिकवत असतील, त्या शिक्षकांबद्दल माझी काही तक्रार नाही. पोरगी मन लावून अभ्यास करतेय, एमएस्सीला तरी बाहेर जायचं म्हणते. तेव्हा वर्षाला 20,000 मिळतील, पण तेही असेच उशिरा आले तर पुन्हा तीच गत.

सत्कार करणाऱ्या मंडळांना हात जोडून सांगते, ट्रॉफ्या कमी करा आणि त्या पैशात दोन मुलांचं होस्टेलचं डिपॉझिट भरा. शिष्यवृत्ती आली की मुलं परत करतील, आणि नाही केली तरी चालेल.

ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे त्यांनी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, आणि बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीड आहे का' असं स्पष्ट विचारा. फॉर्म भरताना अडलं तर संध्याकाळी माझ्याकडे या, कॉम्प्युटर-प्रिंटर दोन्ही आहे.